मॅक लॅपटॉपवर विंडोजचे खेळ : अडचण नेमकी कोठे आहे?

पीण्यात जुळणी झालेल्या आयफोनच्या चिपचीच वंशज आज मॅकमध्ये आहे; मात्र तिला विंडोजची भाषा थेट समजत नाही

बंगळूरु शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत पसरलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र यंत्रभाग, विद्युत उपकरणे आणि तयार कपड्यांच्या छोट्या-मोठ्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे ‘इस्ट्रॅक’ हे उपग्रह नियंत्रण केंद्रही याच परिसरात आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हा त्याचे नियंत्रण येथूनच झाले होते. त्याआधी, मे २०१७ मध्ये, या वसाहतीने एक वेगळी नोंद आपल्या नावावर केली. ॲपल कंपनीसाठी काम करणाऱ्या विस्ट्रॉन या तैवानी कंपनीने येथील कारखान्यात ‘आयफोन एसई’ या भ्रमणध्वनीची जुळणी सुरू केली. भारतात आयफोन तयार होण्याची ती सुरुवात होती. पुढच्याच वर्षी ‘आयफोन ६एस’चीही जुळणी सुरू झाली.

या दोन्ही फोनमध्ये ए-९ ही चिप होती. ती पीण्यात तयार होत नव्हती. येथे सुट्या भागांची जुळणी होत असे. मात्र त्या चिपचे घराणे महत्त्वाचे आहे. ‘आर्म’ या रचनेवर आधारलेल्या त्याच घराण्यातील पुढच्या पिढीची एम-१ ही चिप ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या मॅक लॅपटॉपमध्ये बसवली. त्यामुळे मॅकची बॅटरी अधिक काळ टिकू लागली, लॅपटॉप थंड राहू लागला आणि कामाचा वेगही वाढला. त्याच वेळी एक जुनी सोय मात्र संपुष्टात आली. मॅकवर सरळ विंडोज बसवून विंडोजचे खेळ खेळण्याचा राजमार्ग बंद झाला.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घेतलेला एकच लॅपटॉप कामालाही यावा आणि विरंगुळ्यालाही, अशी अनेक कुटुंबांची अपेक्षा असते. मॅकची किंमत पाहता ही अपेक्षा फोल ठरल्यास बसणारा फटका लहान नसतो. म्हणूनच विंडोजचा खेळ मॅकवर का चालत नाही, चालवायचा झाल्यास कोणते मार्ग आहेत आणि त्या मार्गांचे भवितव्य काय, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

तीन भिंती

विंडोजसाठी तयार केलेला खेळ आणि मॅक लॅपटॉप यांच्यामध्ये एक नव्हे, तर तीन भिंती उभ्या आहेत.

पहिली भिंत चिपच्या भाषेची. कोणताही प्रोसेसर ठरावीक सूचनाच समजू शकतो. इंटेल आणि एएमडी या कंपन्यांचे प्रोसेसर ‘एक्स-८६’ नावाचा सूचनासंच वापरतात. विंडोजचे बहुतेक सर्व खेळ याच सूचनासंचात बांधलेले असतात. ॲपलच्या चिपचा सूचनासंच ‘आर्म’चा आहे. एका भाषेत लिहिलेले पत्र दुसरीच भाषा जाणणाऱ्याच्या हाती द्यावे, तसा हा प्रकार आहे.

दुसरी भिंत कार्यप्रणालीची. खेळाला फाइल उघडायची असते, आवाज ऐकवायचा असतो, माउसची हालचाल टिपायची असते. ही कामे तो स्वतः करत नाही. कार्यप्रणालीला सांगून करवून घेतो. विंडोजमध्ये ही मागणी करण्याची रीत वेगळी आणि मॅकओएसमध्ये वेगळी. विंडोजच्या कार्यक्रमाने केलेली मागणी मॅकओएसला ओळखताही येत नाही.

तिसरी भिंत चित्रांची आणि ती सर्वांत उंच आहे. त्रिमितीय दृश्ये पडद्यावर उभी करण्यासाठी विंडोजचे खेळ प्रामुख्याने ‘डायरेक्टएक्स’ ही मायक्रोसॉफ्टची यंत्रणा वापरतात. १९९५ मध्ये आलेली ही यंत्रणा मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे. ॲपलने २०१४ मध्ये आयफोनसाठी आणि २०१५ मध्ये मॅकसाठी ‘मेटल’ ही स्वतःची यंत्रणा आणली. दोन्हींकडे चालणारी ‘ओपनजीएल’ ही जुनी यंत्रणा ॲपलने २०१८ मध्ये कालबाह्य ठरवली, तर २०१६ मध्ये आलेल्या ‘व्हल्कन’ या खुल्या यंत्रणेचा मॅकमध्ये थेट समावेश केला नाही. परिणामी खेळ तयार करणाऱ्या कंपनीला मॅकसाठी चित्रांचे काम बऱ्याच अंशी नव्याने करावे लागते.

वेळेचा हिशेब लक्षात घेतला की या भिंतींचे महत्त्व उमगते. पडद्यावरील हालचाल सहज वाटावी यासाठी दर सेकंदाला ६० चित्रे उमटावी लागतात. म्हणजे प्रत्येक चित्रासाठी जेमतेम १६ ते १७ सहस्रांश सेकंद मिळतात. एखादे पत्र लिहिण्याच्या कार्यक्रमात थोडा विलंब झाला, तर तो जाणवतही नाही. खेळात मात्र तेवढ्याच विलंबाने डाव हातचा जातो.

मॅक आणि खेळ यांचे जुने नाते

मॅक आणि संगणकावरील खेळ यांचे कधीच जमले नाही, असा समज प्रचलित असला तरी तो पूर्णतः खरा नाही. १९९३ मध्ये आलेला ‘मिस्ट’ हा गाजलेला खेळ प्रथम मॅकवरच अवतरला होता. १९९४ चा ‘मॅरेथॉन’ हाही मॅकचाच. तो तयार करणाऱ्या बंजी या कंपनीचा ‘हेलो’ हा खेळ जुलै १९९९ मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी न्यूयॉर्क येथील मॅकवर्ल्ड मेळाव्यात मोठ्या अभिमानाने जाहीर केला होता.

वर्षभरातच चित्र पालटले. जून २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने बंजी कंपनी विकत घेतली आणि ‘हेलो’ नोव्हेंबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच ‘एक्सबॉक्स’ या खेळयंत्रावर आला. मॅकवर तो पोहोचण्यास २००३ चा डिसेंबर उजाडला. खेळ आधी विंडोजवर आणि मॅकवर आलाच तर वरातीमागून घोडे, ही रीत पुढे रूढ झाली.

यामागे बाजाराचे साधे गणित आहे. ‘स्टीम’ या संगणकीय खेळांच्या सर्वांत मोठ्या विक्रीकेंद्राच्या पाहणीत विंडोज वापरणाऱ्यांचे प्रमाण सातत्याने ९० टक्क्यांहून अधिक आढळले असून मॅकचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास राहिले आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’ या लोकप्रिय खेळाची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, तेव्हा व्हॉल्व्ह कंपनीने मॅकचा पाठिंबा काढून घेतला. मॅकवर आणि अन्य जुन्या यंत्रणांवर खेळणारे सर्व मिळून एक टक्क्यापेक्षाही कमी असल्याचे कारण कंपनीने दिले. खेळणारे कमी म्हणून खेळ नाहीत आणि खेळ नाहीत म्हणून खेळणारे येत नाहीत, असे हे चक्र आहे.

महाराष्ट्रातील एक उदाहरण या संदर्भात बोलके ठरते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हा खेळ तयार केला. असुरांनी पळवून नेलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीची ही कथा आहे. राजस्थानी वास्तुशैली, पहाडी चित्रकला आणि छाया-कठपुतळीचा खेळ यांचा त्यात सुरेख वापर झाला आहे. ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डोच्या ‘स्विच’वर आणि ऑक्टोबर २०२० मध्ये विंडोज, प्लेस्टेशन व एक्सबॉक्स यांवर तो आला. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील स्वतंत्र निर्मितीच्या गटात त्याला नामांकनही मिळाले. मात्र प्रकाशनावेळच्या या यादीत मॅक नव्हता. मोजक्या माणसांची आणि मर्यादित भांडवलाची संस्था जेथे खेळणारे अधिक तेथेच प्रथम जाणार, हे उघड आहे. मराठी भूमीत घडलेला खेळ मॅक बाळगणाऱ्या मराठी तरुणाला भाषांतराच्या आडवाटेनेच खेळावा लागतो, ही स्थिती त्यातून निर्माण झाली.

सुवर्णकाळ : २००६ ते २०२०

जानेवारी २००६ मध्ये ॲपलने मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर बसवण्यास सुरुवात केली आणि वर उल्लेखिलेली पहिली भिंत कोसळली. ५ एप्रिल २००६ रोजी कंपनीने ‘बूट कॅम्प’ ही सोय जाहीर केली. मॅकच्या हार्ड डिस्कचा एक भाग विंडोजसाठी वेगळा काढायचा आणि संगणक सुरू करताना मॅकओएस की विंडोज हे निवडायचे, अशी ही योजना होती. विंडोज निवडल्यावर तो मॅक पूर्णपणे विंडोजचाच संगणक होऊन जात असे. भाषांतराचा प्रश्नच नसल्याने खेळ पूर्ण वेगाने चालत.

एम-१ आणि त्यानंतरच्या चिपवर बूट कॅम्प उपलब्ध नाही. जून २०२३ मध्ये मॅकच्या सर्व प्रकारांत ॲपलची स्वतःची चिप आली आणि इंटेलचे पर्व संपले. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली ‘मॅकओएस टाहो’ ही इंटेलच्या मॅकवर चालणारी अखेरची प्रमुख आवृत्ती असल्याचेही कंपनीने जाहीर केले आहे. बूट कॅम्पसाठी जुना इंटेल मॅक विकत घेण्याचा विचार करणाऱ्यांनी ही बाब ध्यानात घेतलेली बरी.

सध्याचे मार्ग

बूट कॅम्प बंद झाल्यावर तीन प्रमुख मार्ग उरतात. प्रत्येकाची बलस्थाने आणि मर्यादा वेगवेगळ्या आहेत.

पहिला मार्ग आभासी संगणकाचा. ‘पॅरलल्स डेस्कटॉप’ किंवा ‘व्हीएमवेअर फ्यूजन’ यांसारखे कार्यक्रम मॅकओएसच्या आत एक आभासी संगणक उभा करतात आणि त्यात विंडोज चालवतात. ॲपलच्या चिपवर यासाठी विंडोज ११ ची आर्म आवृत्ती लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने पॅरलल्सवर ही आवृत्ती वापरण्यास अधिकृत मान्यता दिली. व्हीएमवेअर फ्यूजन नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांसाठी विनामूल्य झाले. विंडोजचा परवाना मात्र स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. या मार्गात दोन कार्यप्रणाली एकाच वेळी चालत असल्याने स्मृतीची वाटणी होते. एक्स-८६ च्या सूचनांचे भाषांतरही आभासी विंडोजच्या आत करावे लागते. कार्यालयीन कामे आणि जुने, हलके खेळ यांसाठी हा मार्ग ठीक आहे. भव्य त्रिमितीय खेळांसाठी ती दुधाची तहान ताकावर भागवण्याची गोष्ट ठरते.

दुसरा मार्ग विंडोजशिवाय विंडोजचे कार्यक्रम चालवण्याचा. याचा पाया ‘वाइन’ हा मुक्त प्रकल्प असून त्याची सुरुवात १९९३ मध्ये झाली. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड हे त्याची धुरा सांभाळत आहेत. वाइन हे विंडोजची नक्कल करणारे यंत्र नव्हे. खेळाने विंडोजकडे केलेली प्रत्येक मागणी वाइन ऐकते आणि तीच मागणी मॅकओएसच्या रीतीने पुढे पोहोचवते. कार्यालयात आलेला अर्ज योग्य नमुन्यात भरून देणाऱ्या जाणत्या लेखनिकासारखे हे काम आहे. विंडोजच्या हजारो मागण्यांचा असा अभ्यास करून पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध करण्यास जून २००८ उजाडले. म्हणजे तब्बल १५ वर्षे लागली.

वाइनच्या आधारे कोडवीव्हर्स ही अमेरिकी कंपनी ‘क्रॉसओव्हर’ हा सशुल्क कार्यक्रम तयार करते. मॅकसाठी तो २००७ पासून उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिनाने ३२-बिट कार्यक्रमांचा पाठिंबा पूर्णपणे काढला, तेव्हा विंडोजचे जुने खेळ कायमचे बंद पडतात की काय अशी भीती होती. कोडवीव्हर्सने त्याच वर्षाअखेर ३२-बिटचा कार्यक्रम ६४-बिटच्या चौकटीत चालवण्याची युक्ती शोधून ती टाळली. क्रॉसओव्हरची प्रत १४ दिवस विनामूल्य वापरून पाहता येते. ‘व्हिस्की’ हा याच प्रकारचा विनामूल्य कार्यक्रम काही काळ लोकप्रिय होता. तथापि त्याची देखभाल २०२५ मध्ये थांबवण्यात आली.

तिसरा मार्ग क्लाउडचा. यात खेळ दूरच्या संगणकावर चालतो आणि त्याची चलत्चित्रे इंटरनेटवरून लॅपटॉपवर येतात. लॅपटॉपवर भाषांतराचा भार पडत नाही. मात्र कळ दाबल्यापासून तिचा परिणाम दिसेपर्यंतचा वेळ जोडणीच्या दर्जावर आणि सर्व्हर किती दूर आहे यावर अवलंबून असतो. ग्रामीण भागात किंवा मोजून डेटा वापरावा लागतो अशा ठिकाणी हा मार्ग तितकासा उपयुक्त ठरत नाही.

ॲपलचे साहित्य आणि रोझेटा

वाइनमुळे दुसरी भिंत ओलांडता येते. उरलेल्या दोन भिंतींसाठी ॲपलचीच दोन साधने कामी येतात.

पहिले साधन ‘रोझेटा २’. इजिप्तमधील ज्या शिलालेखामुळे प्राचीन लिपीचा उलगडा झाला, त्याचे नाव या भाषांतरकाला दिले आहे. एक्स-८६ च्या सूचना आर्मच्या सूचनांमध्ये बदलण्याचे काम तो करतो. बरेचसे भाषांतर तो कार्यक्रम प्रथम सुरू होण्यापूर्वीच करून ठेवतो आणि उरलेले ऐनवेळी करतो. याला चिपचीही साथ आहे. स्मृतीत माहिती कोणत्या क्रमाने लिहायची, याचे एक्स-८६ चे नियम आर्मपेक्षा कडक आहेत. ॲपलने आपल्या चिपमध्ये ते कडक नियम पाळण्याची खास सोय ठेवली. त्यामुळे भाषांतरकाचे प्रत्येक पावलावर खात्री करून घेण्याचे श्रम वाचतात आणि वेग टिकून राहतो.

दुसरे साधन ‘गेम पोर्टिंग टूलकिट’. जून २०२३ मध्ये ॲपलने ते जाहीर केले. डायरेक्टएक्सच्या आज्ञा मेटलच्या आज्ञांमध्ये बदलणारा ‘डी३डीमेटल’ हा त्याचा गाभा आहे. आपला खेळ मॅकवर कसा चालेल याचा अंदाज विकसकांना यावा, हा त्याचा मूळ हेतू. उल्लेखनीय बाब म्हणजे यातील वाइनचा भाग कोडवीव्हर्सच्या खुल्या संहितेवर आधारलेला होता. त्याच वर्षी डी३डीमेटलचा समावेश क्रॉसओव्हरमध्येही झाला आणि सामान्य वापरकर्त्यांनाही डायरेक्टएक्स १२ चे खेळ मॅकवर चालवून पाहता येऊ लागले. जून २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने ‘एव्हीएक्स २’ या प्रगत सूचनांचा पाठिंबा दिला. त्या सूचनांअभावी अनेक नवे खेळ सुरूच होत नव्हते.

असा खेळ प्रथम सुरू केल्यावर मधूनमधून का अडखळतो, याचे उत्तरही येथेच आहे. प्रकाश, सावली, पाणी, धूर यांची गणिते करणारे ‘शेडर’ नावाचे छोटे कार्यक्रम खेळात हजारोंच्या संख्येने असतात. नवे दृश्य समोर येताच त्यांचे मेटलमध्ये रूपांतर करावे लागते. एकदा रूपांतर झाले की ते साठवून ठेवले जाते. म्हणून दुसऱ्या वेळी तेच दृश्य बरेचदा सुरळीत सरकते.

जेथे भाषांतर हात टेकते

काही खेळ कितीही शक्तिशाली मॅकवर चालत नाहीत आणि त्याचे कारण वेगाशी निगडित नसते. अनेकांनी एकत्र खेळण्याच्या स्पर्धात्मक खेळांत लबाडी रोखण्यासाठी पहारेकरी कार्यक्रम असतात. ‘व्हॅलोरंट’ या खेळाचा ‘व्हॅनगार्ड’ हा असाच पहारेकरी विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरून काम करतो. वाइनमध्ये विंडोजचा तो गाभाच नसतो. पहारेकऱ्याच्या दृष्टीने हे सारे वातावरणच संशयास्पद ठरते आणि खेळ सुरू होत नाही. आभासी संगणकही तो नाकारतो. अशा खेळांसाठी पळवाटा शोधणाऱ्याचे खाते बंद होण्याचा धोका असतो. मित्रमंडळींबरोबर असे स्पर्धात्मक खेळ खेळणे हाच मुख्य हेतू असेल, तर मॅक हा योग्य पर्याय नव्हे, हे स्पष्ट आहे.

याच प्रश्नाचे दुसरे रूप पीण्यासारख्या औद्योगिक वसाहतीत दिसते. यंत्रभागांचे आराखडे करण्यासाठी वापरले जाणारे ‘सॉलिडवर्क्स’ आणि संगणकनियंत्रित यंत्रांना सूचना देण्यासाठी वापरले जाणारे ‘मास्टरकॅम’ हे कार्यक्रम केवळ विंडोजसाठीच आहेत. बेळगाव, हुबळी किंवा कोल्हापूरकडून यांत्रिकी शिक्षण घेऊन बंगळूरुला येणाऱ्या तरुणाला खेळांइतकीच ही बाबही लॅपटॉप निवडताना विचारात घ्यावी लागते. त्याच्या बाबतीत विरंगुळा आणि पोट या दोन्हींची गरज विंडोजकडेच बोट दाखवते.

एक विरोधाभास येथे नोंदवण्याजोगा आहे. पीण्यात जुळणी झालेल्या आयफोनसारख्या फोनसाठी लिहिलेले ॲप्स आणि मॅक यांचा सूचनासंच आता एकच आहे. त्यामुळे विकसकाची संमती असल्यास आयफोनवरील खेळ २०२० पासून ॲपलच्या चिपच्या मॅकवर कोणत्याही भाषांतराविना चालू शकतो. पण लॅपटॉपवर बसून खेळू इच्छिणाऱ्यांना बहुधा फोनवरचा नव्हे, तर विंडोजवरचाच खेळ हवा असतो.

थेट मॅकसाठी येणारे खेळ

अलीकडच्या वर्षांत परिस्थिती काही प्रमाणात बदलली आहे. ‘रेसिडेंट इव्हिल व्हिलेज’ ऑक्टोबर २०२२ मध्ये, ‘नो मॅन्स स्काय’ जून २०२३ मध्ये आणि ‘बाल्डर्स गेट ३’ सप्टेंबर २०२३ मध्ये थेट मॅकसाठी आले. ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ हा खेळ मार्च २०२५ मध्ये इतर यंत्रांबरोबरच मॅकवरही प्रसिद्ध झाला. ‘सायबरपंक २०७७’ मात्र डिसेंबर २०२० मध्ये विंडोजवर आल्यानंतर साडेचार वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, मॅकवर पोहोचला.

हे खेळ मेटल वापरतात आणि आर्मच्या सूचनासंचात बांधलेले असतात. साहजिकच त्याच लॅपटॉपवर भाषांतरित खेळापेक्षा ते सरस चालतात. मॅकवर खेळायचे असल्यास प्रथम अशा खेळांचा शोध घ्यावा आणि भाषांतराचा विचार नंतर करावा, हे श्रेयस्कर.

भवितव्याचा प्रश्न

सर्वांत मोठी अनिश्चितता रोझेटासंबंधी आहे. जून २०२५ मध्ये ॲपलने आपले वेळापत्रक स्पष्ट केले. सर्वसाधारण वापरासाठीचे रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत उपलब्ध राहील. त्यानंतर केवळ त्याचा एक भाग ठेवला जाईल आणि तो देखभाल थांबलेल्या जुन्या खेळांसाठी असेल, असे कंपनीने सांगितले.

ॲपलच्या चिपवर विंडोजचे खेळ चालवण्याची क्रॉसओव्हरची पद्धत रोझेटावरच उभी राहिली. रोझेटाचा आधार आकुंचित झाला, तर आज चालणारा खेळ कार्यप्रणाली अद्ययावत केल्यावर चालेलच, असे गृहीत धरता येत नाही. २०१९ मध्ये ३२-बिट कार्यक्रमांच्या बाबतीत हाच अनुभव आला होता. पैसे देऊन घेतलेले खेळ एका रात्रीत निरुपयोगी झाले होते.

आशेला जागा नाही असेही नाही. व्हॉल्व्ह कंपनीने लिनक्सवर विंडोजचे खेळ चालवण्यासाठी ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ हे वाइनवर आधारित साधन आणले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळण्याचे यंत्र त्यावर बाजारात उतरवले. त्यातील प्रोसेसर एक्स-८६ चाच असल्याने तेथे पहिली भिंत नव्हती. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘स्टीम फ्रेम’ या उपकरणात आर्मची चिप असून एक्स-८६ चे खेळ चालवण्यासाठी ‘फेक्स’ या मुक्त भाषांतरकाचा आधार घेण्यात आला आहे. रोझेटाखेरीजही हे भाषांतर शक्य असल्याचे त्यातून दिसते. विंडोजचे लॅपटॉपही २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर आर्म चिपसह येऊ लागले आहेत. आर्मसाठी थेट खेळ बांधण्याची गरज त्यामुळे केवळ ॲपलपुरती राहिलेली नाही.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

लॅपटॉप घेण्यापूर्वी आपण खरोखर कोणते खेळ खेळणार आहोत, त्यांची यादी करणे उपयुक्त ठरते. त्यातील किती खेळ थेट मॅकसाठी उपलब्ध आहेत, किती क्रॉसओव्हरमधून चालतात आणि कितींमध्ये गाभ्यात शिरणारा पहारेकरी आहे, हे पाहिले की निर्णय सोपा होतो. कोडवीव्हर्स कोणते खेळ कसे चालतात याची सूची प्रसिद्ध करते.

स्मृतीचा विचारही आवश्यक आहे. मॅकमध्ये प्रोसेसर आणि चित्रयंत्रणा एकच स्मृती वाटून घेतात आणि ती नंतर वाढवता येत नाही. २०२० मध्ये एम-१ च्या मॅकबुक एअरची किमान स्मृती ८ जीबी होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲपलने एअरची किमान स्मृती १६ जीबी केली. भाषांतरित खेळांसाठी ८ जीबी अपुरी पडते. शिवाय ॲपलच्या चिपच्या मॅकबुक एअरमध्ये पंखा नसतो. दीर्घकाळ खेळल्यास ते तापते आणि स्वतःहून वेग कमी करते. पंखा असलेले मॅकबुक प्रो या बाबतीत उजवे आहे.

ज्यांच्याकडे मॅक आधीपासून आहे, त्यांनी खेळ विकत घेताना परतीचे नियम पाहावेत. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी वेळ खेळल्यास पैसे परत मिळतात. भाषांतरित खेळ चालतो की नाही, हे तपासण्यास एवढा अवधी सहसा पुरतो. एखादा खेळ उत्तम चालत असल्यास कार्यप्रणालीची नवी आवृत्ती लगेच न घेता त्यावर तो चालतो की नाही याची खात्री करून घ्यावी. चोरीच्या प्रतींचा मोह मात्र टाळावा. त्यांतील फेरफार भाषांतरकाला गोंधळात टाकतात आणि सोबत येणारे घातक कार्यक्रम लॅपटॉपमधील माहितीवर घाला घालू शकतात.

थोडक्यात सांगायचे तर, मॅक लॅपटॉपवर विंडोजचे अनेक खेळ चालतात; परंतु ते चालण्याची हमी खेळ बनवणारी कंपनी देत नाही आणि ॲपलही देत नाही. मॅक अन्य कामासाठी घेतला असेल, तर त्यावर चालणारे खेळ हा वरचा लाभ समजावा. केवळ खेळांसाठी लॅपटॉप घ्यायचा असेल, तर त्याच किमतीचा किंवा त्याहून स्वस्त विंडोज लॅपटॉप अधिक भरवशाचा ठरतो.